गाडीचा पाठीमागचा डोळा

अरुंद गल्लीत एखादा टेम्पो शिरतो आणि पुढे रस्ता नाही हे चालकाच्या लक्षात येते. मग काय होते, ते तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. चालक गाडी मागे घेऊ लागतो. क्लीनर टुणकन खाली उतरतो, गाडीच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो आणि ओरडू लागतो, "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या... बस्स!" 'बस्स' म्हणताना तो मागच्या फळीवर हाताने जोरात थाप मारतो. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू आली नाही, तरी थाप ऐकू येते. चालक ब्रेक दाबतो. ती थाप म्हणजेच चालकाचा पाठीमागचा डोळा.

पण क्लीनर सोबत नसेल तर? मग चालक अंदाजाने गाडी मागे घेतो. 'अंदाज' हा शब्द तुम्हांला मुद्दाम शिकवायला नको. तो उर्दूतही आहे आणि मराठीतही. 'नजर' हा शब्दही तसाच दोन्ही घरचा. या पाठात आपण पाहणार आहोत, की अंदाजाच्या जागी नजर कशी आणता येते.

ही गोष्ट आपल्या बीड जिल्ह्याला विशेष लागू आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात. पती-पत्नीच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. मुकादम त्यांना उचल देतो, म्हणजे मजुरीचे पैसे आगाऊ देतो. मग ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या-कोंबड्या आणि लहान मुले असा सगळा संसार चढतो आणि पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील साखर कारखान्याची वाट धरतो. तेथे उसाच्या फडाजवळ त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे, भर दुपारी, कधी रात्री उशिराही ऊस भरण्यासाठी गाड्या फडात येतात, वळतात, मागे घेतल्या जातात. आईबाप मोळ्या बांधण्यात गुंतलेले असतात आणि लेकरे तेथेच, जवळपास, खेळत असतात. सावली शोधत एखादे लेकरू उभ्या गाडीच्या आडोशालाही जाऊन बसते. मोठ्या माणसाला गाडी सुरू झाल्याचा आवाज म्हणजे धोका वाटतो. दीड वर्षाच्या लेकराला तो आवाज म्हणजे गंमत वाटते.

तुम्ही म्हणाल, गाडीला आरसे असतात ना? उर्दूतला जो आईना, तोच मराठीतला आरसा. आरसे असतात हे खरे, पण ते काय दाखवतात हे एकदा मोजून पाहू. गणिताचा तास नसला तरी चालेल, हिशेब सोपा आहे.

समजा, एका पिकअप गाडीत चालक बसला आहे. त्याचे डोळे जमिनीपासून १६० सेंटिमीटर उंचीवर आहेत. गाडीची मागची फळी जमिनीपासून १२० सेंटिमीटर उंच आहे आणि चालकाच्या डोळ्यांपासून ती ३२० सेंटिमीटर मागे आहे. गाडी रिकामी आहे. चालकाने मान वळवून मागच्या काचेतून पाहिले, तर त्याची नजर फळीच्या काठाला घासून पुढे जाईल. ३२० सेंटिमीटर अंतरात ती नजर ४० सेंटिमीटर खाली उतरली. म्हणजे दर ८ सेंटिमीटरला १ सेंटिमीटर. याच उताराने ती जमिनीला कोठे टेकेल? १६० ला ८ ने गुणा. डोळ्यांपासून १२८० सेंटिमीटरवर, म्हणजेच फळीपासून ९६० सेंटिमीटरवर. साडेनऊ मीटरपेक्षाही जास्त! तेवढ्या पट्ट्यातली जमीन चालकाला मुळीच दिसत नाही.

आता त्या पट्ट्यात ८० सेंटिमीटर उंचीचे एक लेकरू उभे करा. दीड वर्षाच्या मुलाची उंची साधारण तेवढीच असते. त्याच्या डोक्याचा वरचा केस दिसण्यासाठीसुद्धा ते फळीपासून ३२० सेंटिमीटर दूर असावे लागेल. त्याहून जवळ असेल, तर ते चालकाच्या दृष्टीने जगात नाहीच. आणि ही सारी गोष्ट रिकाम्या गाडीची झाली. गाडीत कडबा, कापूस किंवा ऊस भरलेला असेल, तर मागच्या काचेचा उपयोग संपला. बाजूचे दोन आरसे गाडीच्या दोन्ही कडा दाखवतात. ठीक पाठीमागची जागा त्यांना दिसत नाही. ज्या जागेत गाडी जाणार आहे, नेमकी तीच जागा झाकलेली राहते.

असा अपघात केवळ निष्काळजी माणसाच्याच हातून होतो, असे समजू नका. २००२ साली अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये, एक गृहस्थ रात्री आपली मोठी मोटार घराच्या आवारात मागे घेत होते. ते व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ होते, म्हणजे लहान मुलांचे डॉक्टर. त्यांनी आरसे पाहिले होते, मान वळवूनही पाहिले होते. तरीही त्यांचा दोन वर्षांचा मुलगा कॅमेरॉन गल्ब्रॅन्सन गाडीच्या पाठीमागे आलेला त्यांना दिसला नाही. मुलगा गेला. त्या बापाचे दुःख किती मोठे असेल याची कल्पना करा. पण तो घरात बसून राहिला नाही. त्याने आणि त्याच्यासारख्या इतर आईबापांनी सरकारकडे धरणे धरल्यासारखा पाठपुरावा केला. २००८ साली या मुलाच्या नावाचा कायदा झाला. नियम तयार होण्यास पुढे सहा वर्षे लागली आणि १ मे २०१८ पासून त्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला पाठीमागे पाहणारा कॅमेरा असलाच पाहिजे, असे बंधन आले. गाडीच्या मागची दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब जागा पडद्यावर दिसली पाहिजे, असे तो नियम सांगतो. मुलगा गेल्यापासून कॅमेरा सक्तीचा होईपर्यंत पंधरा वर्षे लोटली. फारच उशीर, असे मला वाटते.

खरे तर कल्पना जुनीच होती. १९५६ साली ब्यूक कंपनीने 'सेंच्युरियन' नावाची एक नमुन्याची मोटार प्रदर्शनात ठेवली होती. तिला आरशाऐवजी पाठीमागे टेलिव्हिजनचा कॅमेरा आणि पुढे छोटा पडदा होता. ती गाडी बाजारात मात्र आली नाही. १९९१ साली जपानमध्ये टोयोटाच्या 'सोअरर' या मोटारीत असा कॅमेरा मिळू लागला. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागे संवेदक, म्हणजे सेन्सर, बसवणे आवश्यक झाले. मागे काही अडथळा असेल तर सेन्सर 'पीं पीं' असा आवाज करून चालकाला खबरदार करतो. पण पाठीमागे खांब आहे की लेकरू, हे तो सांगू शकत नाही. शिवाय हा नियम मोटारींपुरता आहे. तुमच्या चुलत्यांची दहा वर्षांची पिकअप किंवा शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर त्यात येत नाही. त्यांना डोळा हवा असेल तर तो वेगळा बसवून घ्यावा लागतो.

तो कसा बसवतात? चला, एका दुकानात जाऊ. बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई, कोठेही मोठ्या रस्त्याला लागून ऑटो इलेक्ट्रिशियनचे एखादे दुकान असतेच. दाराशी जुन्या बॅटऱ्या, भिंतीवर तारांची वेटोळी, आणि एक उस्ताद व त्यांचा शिकाऊ मुलगा. अशा दुकानात थोडा वेळ थांबलात तर असे काही बोलणे कानावर पडेल :

"उस्ताद, गाडीला दोन आरसे हायेत. हा तिसरा डोळा कशाला? अन् क्लीनर पोरगं हाय की."

"काका, पोरगं रोज सोबत असतंय का? अन् असलं, तरी ते उभं कुठं राहतंय? गाडीच्या अन् भिंतीच्या मधी. त्याच्याकडं कोण बघणार?"

काका जरा गप्प होतात. मग म्हणतात, "लावा. पण तारा उंदरानं कुरतडल्या तर?"

"तारांवर नळी घालतो, काका. त्याची काळजी नका करू."

उस्ताद प्रथम विचारतात, गाडीची वीज किती व्होल्टची? पिकअप, जीप, मोटार, ट्रॅक्टर यांची वीज १२ व्होल्टची असते. मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडून २४ व्होल्ट घेतलेले असतात. १२ व्होल्टचा कॅमेरा २४ व्होल्टला जोडला, तर तो पहिल्याच दिवशी जळून जाईल. काही कॅमेरे दोन्हींवर चालतात. ते खोक्यावर लिहिलेले असते, म्हणून खोके फेकण्यापूर्वी वाचावे. त्याच खोक्यावर 'आयपी ६७' अशी खूण असेल तर उत्तम. यातला ६ हा आकडा सांगतो, की आत धूळ शिरणार नाही. ७ हा आकडा सांगतो, की एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जाणार नाही. आपल्याकडे पाण्यापेक्षा धुळीची भीती अधिक, म्हणून मी तर सहाकडे आधी पाहीन.

आता काम सुरू होते. गाडी सपाट जागी उभी करतात, हँडब्रेक ओढतात आणि चाकांना दगड लावतात. मग बॅटरीची ऋण बाजूची, म्हणजे उणे खुणेची, तार सोडतात. ही तार सर्वांत आधी सोडायची आणि सर्वांत शेवटी जोडायची. नाहीतर पान्याचा धक्का लागून ठिणगी उडते.

कॅमेरा अंगठ्याएवढा असतो. त्याच्या पुढे एक भिंग असते. भिंग म्हणजे तुमच्या उर्दू विज्ञानाच्या पुस्तकातला अदसा. कॅमेरा नंबरप्लेटच्या वर, बरोबर मध्यभागी बसवतात आणि किंचित खाली झुकवतात. किती झुकवावा? पडद्याच्या खालच्या कडेला गाडीचा बंपर थोडासा दिसला पाहिजे, इतका. बंपर दिसला नाही, तर वस्तू गाडीपासून किती दूर आहे हे कळायला आधारच राहत नाही. जेथे तार आत न्यायची तेथे पत्र्याला भोक पाडतात. भोक पाडण्यापूर्वी शिकाऊ मुलगा पत्र्याच्या मागे हात घालून पाहतो, की तेथे दुसरी कोणती तार किंवा नळी तर नाही. भोकाची धार सुरीसारखी असते. गाडीच्या हादऱ्यांनी तार त्या धारेवर घासून तुटू नये, म्हणून भोकात रबराची चकती बसवतात आणि कापलेल्या कडेला रंग लावतात. रंग लावला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात तेथून गंज सुरू होतो.

कॅमेऱ्याला वीज कोठून द्यायची, हा यातला सर्वांत सुंदर भाग आहे. तुम्ही पाहिले असेल, की गाडी मागे येऊ लागली की मागचा पांढरा दिवा लागतो. गिअरपेटीवर एक लहान बटण असते. चालकाने रिव्हर्स गिअर टाकला की ते बटण दाबले जाते आणि त्या दिव्याकडे वीज जाते. उस्ताद कॅमेऱ्याची लाल तार याच दिव्याच्या तारेला जोडतात. काळी तार गाडीच्या पत्र्याला जोडतात, पण तेथील रंग खरवडून. रंगातून वीज वाहत नाही. अशा जोडणीमुळे कॅमेऱ्यासाठी वेगळे बटण लागत नाही. गिअर टाकला की डोळा उघडतो, गिअर काढला की मिटतो. माणूस विसरतो, गिअर विसरत नाही.

चित्र पुढे नेण्यासाठी दुसरी लांब तार असते. ती गाडीच्या खालून, चौकटीच्या आतल्या बाजूने, चालकाच्या पडद्यापर्यंत नेतात. धूर जाणारी नळी तापते, म्हणून तार तिच्यापासून दूर ठेवतात आणि जागोजागी पट्टीने बांधतात. या चित्राच्या तारेसोबत बहुधा एक बारीक लाल तारही असते. नवखे कारागीर ती निरुपयोगी समजून कापून टाकतात. तिचे काम मोठे आहे. रिव्हर्स गिअर पडला हा निरोप ती पडद्याला देते. मग पडद्यावर दुसरे काही चालू असले तरी ते बाजूला सरते आणि पाठीमागचे चित्र येते. 'पडदा' हा शब्दही, पाहा, तुमचाच आहे. पडद्याच्या विजेच्या तारेत फ्यूज बसवतात. कोठे तार तार घासली, तर फ्यूज वितळतो आणि गाडी वाचते.

सगळे जोडून झाले, ऋण तार परत लावली, किल्ली फिरवून इंजिन न सुरू करता रिव्हर्स गिअर टाकला. पडद्यावर चित्र आले. टाळ्या वाजवण्याची घाई करू नका. उस्ताद मुलाला म्हणतात, "मागं जा अन् उजवा हात वर कर." चालकाच्या उजव्या बाजूची वस्तू पडद्यावरही उजवीकडेच दिसली पाहिजे, जशी आरशात दिसते. साधा कॅमेरा पाठीमागे तोंड करून पाहतो, म्हणून त्याच्या चित्रात उजवे ते डावे होते. असे चित्र पाहून चालकाने चाक फिरवले, तर गाडी भलत्याच बाजूला जाईल. चित्र उलटवण्याची सोय कॅमेऱ्यात किंवा पडद्यात असते. ती तेव्हाच करून घ्यावी लागते.

चित्रावर हिरवी, पिवळी आणि लाल अशा रेषा दिसतात. लाल रेषेच्या अलीकडे काही आले, की गाडी थांबवायची. पण लाल म्हणजे किती अंतर? ते कारखान्यातून ठरून आलेले असते आणि तुमच्या गाडीच्या उंचीशी जुळेलच असे नाही. म्हणून उस्ताद टेपने मोजून गाडीच्या मागे अर्धा मीटर, एक मीटर आणि दोन मीटर अशा चुन्याच्या रेघा ओढतात आणि त्या पडद्यावर कोठे पडतात हे चालकाला दाखवतात. ही दहा मिनिटे पुष्कळ दुकानांत वाचवली जातात. गिऱ्हाइकाने ती मागून घ्यावीत. कॅमेऱ्याचे भिंग रुंद पाहणारे असते, त्यामुळे जवळची वस्तूही त्यात लहान आणि दूर दिसते. एक मीटरवरचे मूल पडद्यावर दोन मीटरवर असल्यासारखे वाटते. हे ज्याने एकदा चुन्याच्या रेघेवर पाहिले, तो विसरत नाही.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी वेगळी आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांना मागचा पांढरा दिवाच नसतो. तेव्हा वीज कोठून घेणार? मग फ्यूज लावून एक वेगळे बटण चालकाच्या हाताशी बसवावे लागते आणि ते दाबण्याची आठवण चालकालाच ठेवावी लागते. कॅमेरा ट्रॅक्टरवर लावून भागत नाही, कारण त्याला फक्त ट्रॉलीची पुढची फळी दिसेल. तो ट्रॉलीच्या मागे हवा. ट्रॉली सोडता-जोडता यावी म्हणून मधल्या जोडाशी तारेला प्लग ठेवावा लागतो. प्लग काढायचा विसरून ट्रॅक्टर पुढे नेला, तर तार तुटलीच. रंगीत रेषाही येथे कामाच्या नाहीत, कारण ट्रॉली जोडावर फिरते. मागे घेताना ट्रॅक्टरचे चाक एकीकडे आणि ट्रॉली दुसरीकडे जाते. दोन ट्रॉल्या असतील तर गाडी मागे घेणे वाकबगार चालकालाही जड जाते. तेव्हा ट्रॅक्टरवरचा कॅमेरा रस्ता दाखवण्यासाठी नसतोच. पाठीमागे कोणी आहे का, या एकाच प्रश्नाचे उत्तर तो देतो. उसाच्या फडात तेवढे उत्तर मोलाचे आहे.

या डोळ्याला एक खोड आहे. त्याला पापणी नाही. आपल्या डोळ्यात धूळ गेली तर पापणी मिटते, पाणी येते. फडातली धूळ, कारखान्याच्या रस्त्यावरचा चिखल, थंडीतले दव, सारे भिंगावर बसते आणि चित्र गढूळ होते. काही चालक म्हणतात, "दिसतंय थोडंफार." थोडेफार दिसणे हे न दिसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर माणूस विश्वास ठेवतो. म्हणून सकाळी काच पुसण्याचे फडके घेतले, की आधी मागे जावे, ओल्या फडक्याने ते भिंग पुसावे आणि मगच पुढची काच पुसावी. मागे गेल्यावर गाडीखाली वाकून पाहणेही होते. कॅमेरा गाडीच्या मागचे दाखवतो. चाकांच्या मध्ये, सावलीत, कोण बसले आहे ते त्याला दिसत नाही.

स्वाध्याय

१. क्लीनर 'बस्स' म्हणताना फळीवर थाप का मारतो?
२. बाजूचे आरसे असूनही पाठीमागची जागा का झाकलेली राहते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. चालकाचे डोळे १८० सेंटिमीटर उंचीवर असतील, फळी १५० सेंटिमीटर उंच आणि डोळ्यांपासून ३०० सेंटिमीटर मागे असेल, तर फळीच्या मागे किती अंतरापर्यंत जमीन दिसणार नाही?
४. 'माणूस विसरतो, गिअर विसरत नाही' हे वाक्य पाठात कशाबद्दल आले आहे?
५. अंदाज, नजर, पडदा, मुकादम, खबरदार हे शब्द वापरून मराठीत एकेक वाक्य लिहा. उर्दूत आणि मराठीत त्यांच्या अर्थात काही फरक वाटतो का?
६. उपक्रम : घरच्या किंवा शेजारच्या उभ्या गाडीत एका मोठ्या माणसाला चालकाच्या जागी बसवा. गाडीची किल्ली काढून तुमच्या हाती घ्या. गाडीच्या मागे जमिनीवर एक घागर ठेवा आणि ती चालकाला दिसेपर्यंत हळूहळू मागे सरकवा. ते अंतर टेपने मोजून वहीत लिहा.